तिसऱ्या चढाईला कोथिंबीर

शनिवारची यादी बायकोनं लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलीय:
गव्हाचं दळण, जाड नको.
मिक्सरचं भांडं, पातं फिरत नाही.
नानांच्या गोळ्या, पांढऱ्या. निळ्या नव्हेत.
पासबुक.
आणि शेवटी, वेगळ्या पेनानं, कोथिंबीर,
कारण तिला ठाऊक आहे आज फायनल आहे
आणि कोथिंबीर मी कधी आणतो.

सांगतो.
सहा वर्षांपूर्वी, नायगावच्या मैदानात,
नयना मिठबावकर तिसऱ्या चढाईला गेली,
म्हणजे गुण आणायचा, नाहीतर बाद,
मी डोळे फाडून बघत होतो
आणि त्यांनी तिचा घोटा धरला.
पुढच्या सामन्यात पुन्हा मी, पुन्हा घोटा.
उपांत्य फेरीत नेमकी मला लघवीला लागली
आणि ती दोघींना मारून परत आली.

तेव्हापासून बघत नाही.
दोन चढाया रिकाम्या गेल्या की उठतो,
कनातीबाहेर सुंदराबाईच्या टोपलीपाशी उभा राहतो.
आमच्या घरात सहा वर्षं कोथिंबीर कमी पडलेली नाही.

मेहुणा म्हणतो, हा कसला चाहता, ऐन वेळी पाठ दाखवणारा.
मी म्हणतो, आचारी कुठं पंगतीत बसतो?

एकदाच शहाणपणा केला.
म्हटलं पुरे हा खुळेपणा, शिकलेले आहोत आपण,
आणि बसून राहिलो.
त्या दिवशी तिचा गुडघा गेला.
डॉक्टर म्हणाले लिगामेंट. असेल.

पहिला शनिवार, म्हणून बँक उघडी.
पासबुकाला चार नंबरची खिडकी,
आणि खिडकीत ती.
मला माहीत होतं ती बँकेत आहे, खेळाडू कोट्यातून,
ही बँक, ही शाखा, हे नव्हतं माहीत.
प्रिंटर अडकला म्हणून उठली,
उठताना टेबलाचा काठ धरला.
तो गुडघा मला माझ्या गुडघ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

सहा वर्षांची वाक्यं घशाशी आली.
मी म्हणालो, "मॅडम, वारसाचं नाव लावायचं राहिलंय."
"फॉर्म भरा. पटकन हं, मला आज लवकर निघायचंय."
"माहीत आहे."
तेव्हा तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.
"येणार आहात?"
"येईन. पण शेवटपर्यंत थांबेन असं नाही."
तिनं शिक्का मारला, जरा जोरात.
"असतात," म्हणाली, "लोकांना घरची कामं."

संध्याकाळी गॅलरीत बसलोय, मांडीवर दळणाची पिशवी,
पीठ अजून गरम, पोटाशी मांजर घेतल्यासारखं.
एकतीस-एकतीस. दीड मिनिट.
ती एकदा जाऊन आली, रिकामी.
दुसऱ्यांदा निदान रेषा ओलांडली आणि लगेच मागे,
डाव्या पायावर वळली, उजवा राखून.
मी उठलो.
मागून कोणी ओरडलं, "ओ दळणवाले, बसा की!"

सुंदराबाईनं जुडी काढूनच ठेवलेली.
दहाची वीसला झालीय, मी घासाघीस करत नाही,
या जुडीची करायची नसते.
चढाई तीस सेकंदांची.
तेवढ्यात ती जुडी झटकते, पाणी माझ्या चपलेवर.
आत सगळं मैदान गप्प,
बँकेत प्रिंटर अडकतो तेव्हासारखं.

मग आरोळी.

आरोळीला जर्सी नसते.
दोन्ही बाजूंची माणसं याच बेंबीतून ओरडतात,
दोघांचेही ताशे आज परळचेच आहेत.
कनातीला भोक आहे, माझ्या खांद्याच्या उंचीवर,
सहा वर्षं आहे. वाकलं की दिसतं.

मी सुटे पैसे मोजतो.
परत मोजतो.
जुडी पिठाच्या पिशवीत टाकता येत नाही, ओली आहे,
म्हणून हातात धरून उभा,
कुणाच्या तरी स्वागताला आल्यासारखा.

"कोण जिंकलं?" सुंदराबाई विचारते.
"मिक्सरचं भांडं राहिलं," मी म्हणतो.